दुसऱ्याच्या पासबुकावर

"हा माणूस तुमचा कोण लागतो?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आणि बाबा म्हणाले, "मी यांना ओळखत नाही."

एवढंच झालं. मुंबई एअरपोर्ट, टर्मिनल २, रात्रीचे पावणेबारा. बाबांचं वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झालेले, सोबत आई, चार बॅगा, त्यातल्या एकीत माझ्यासाठी भडंग आणि मेतकूट, आणि हातात बिझनेस क्लासची दोन तिकिटं, जी मी इकडे न्यू जर्सीत एडिसनला बसून एका एजंटकडून घेतली होती. ती तिकिटं दुसऱ्या कुणाच्या तरी माईल्सवर, म्हणजे सारखं विमानाने जाणाऱ्यांच्या खात्यात एअरलाईन बक्षीस म्हणून जे पॉइंट्स टाकते त्यांच्यावर, काढलेली होती. त्या कुणाच्या तरी नावाबद्दल ती मुलगी विचारत होती.

बरेच दिवस हे लिहू की नको असं चाललं होतं. पण गेल्या महिन्यात आमच्या इथल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तसलाच मेसेज आला, "बिझनेस क्लास निम्म्या किमतीत, पेरेंट्ससाठी बेस्ट", आणि खाली पटापट अंगठे, आणि दोघातिघांनी नंबर पण मागितला. म्हणून लिहितोय.

आधी मी हे का केलं ते सांगतो. बाबांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं की प्रवास करा पण पाय सारखा दुमडून ठेवू नका. मिरजेहून महालक्ष्मीने मुंबई, तिथून युरोपात एक थांबा, मग नेवार्क, म्हणजे नुसता विमानातला वेळच अठरा तासांच्या घरात. मला ते दोघं आडवे झोपून यायला हवे होते. आयुष्यभर एसटीच्या मागच्या सीटवर बसून लग्नाकार्याला गेलेली माणसं आहेत ती, एकदा तरी पाय पसरून येऊ देत असं फार मनात होतं. बिझनेस क्लासचे रेट बघितले आणि लॅपटॉप बंद केला. मग एका ओळखीच्याने हा एजंट सांगितला. तो म्हणाला दोघांचे मिळून एका बाजूचे चौतीसशे डॉलर. एअरलाईनच्या साईटवर त्याच विमानाचा भाव त्याच्या दुपटीहून जास्त होता.

मी विचारलं एवढं स्वस्त कसं? तो म्हणाला, माईल्सवर काढतो, लोकांकडे पडून असतात, आम्ही विकत घेतो, सगळे करतात. पैसे झेलने, म्हणजे बँकेतून थेट बँकेत, पाठवा, क्रेडिट कार्ड चालणार नाही. (इथेच थांबायला हवं होतं. कार्डाने दिलेले पैसे भांडून परत मागता येतात, झेलचे गेले की गेले, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.) पैसे पाठवल्यावर तासाभरात पीएनआर आला. मी एअरलाईनच्या साईटवर टाकून बघितला तर खरंच दोघांची नावं, सीट नंबर, जेवण निवडायचा पर्याय, सगळं व्यवस्थित. म्हटलं झालं, खरं आहे.

आणि इथेच माणूस फसतो. तिकीट खरंच असतं. कुणी कागद खोटा छापलेला नसतो, तुमच्या नावाची सीट त्या विमानात खरोखर राखलेली असते, फक्त ती ज्या माईल्सवर काढली ते विकायची परवानगी त्या खातेदाराला नसते आणि एअरलाईनला हे कळलं की ती सीट निघण्याच्या तासभर आधीसुद्धा काढून घेऊ शकते. कधी कळेल ते काही सांगता येत नाही. कधी बुकिंगच्या दुसऱ्याच दिवशी, कधी काउंटरवर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी जाऊन पोचल्यावर, परतीच्या तिकिटाच्या वेळी.

निघायच्या आदल्या दिवशी एजंटचा मेसेज आला, कोणी विचारलं तर या नावाच्या फॅमिली फ्रेंडने गिफ्ट दिलंय म्हणून सांगा. नाव एका दक्षिण भारतीय गृहस्थांचं होतं, ते इथे लिहीत नाही. मी तो मेसेज तसाच बाबांना फॉरवर्ड केला. त्यांनी फोन केला, "हे कोण रे?" म्हटलं, "बाबा, ती नुसती फॉर्मॅलिटी आहे, कुणी विचारत नाही." ते "बरं" म्हणाले. मला वाटलं विषय संपला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा पोस्टात होते, मिरजेला, बरीच वर्षं बचत बँकेच्या काउंटरला. पैसे काढायचा एसबी-७ फॉर्म आला की आधी सही नमुन्याशी ताडून बघायची, थोडी जरी वेगळी वाटली तरी परत करायला लावायची. लोक चिडायचे, अहो तुम्ही मला रोज बघता की, असं म्हणायचे, तरी परत. खातेदार आजारी असला आणि त्याने मुलाला पाठवलं तर त्याचीही पद्धत होती, फॉर्मवरच त्या मुलाचं नाव, त्याची सही, आणि खातेदाराने लिहून दिलेलं की याच्याकडे द्या. लहानपणी मी त्यांच्या मागे स्टुलावर बसून हे कितीतरी वेळा बघितलंय. अशा माणसाला मी सांगितलं होतं की काउंटरवर एका अनोळखी माणसाला आपला फॅमिली फ्रेंड म्हणा.

ते नाही म्हणू शकले. आईने नंतर सांगितलं की त्या मुलीने नाव वाचून दाखवल्यावर बाबा एक क्षण गप्प बसले, खिशातला चष्मा काढला, स्क्रीनकडे वाकून ते नाव स्वतः वाचलं आणि मग म्हणाले, ओळखत नाही.

मग सुपरवायझर आला. त्याने नीट, हळू आवाजात सांगितलं की ज्या खात्यातून ही तिकिटं निघालीयत ते तपासणीत आहे, तिकिटं रद्द होतायत, जायचं असेल तर नवीन काढावी लागतील. आईने व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला तेव्हा इथे दुपारचे सव्वादोन. मी मीटिंगमध्ये होतो, दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तर आई एकच वाक्य म्हणाली, "ह्यांना बसायला खुर्ची पण नाहीये इथं." ते वाक्य अजून जात नाही माझ्या डोक्यातून. एजंटला सतरा फोन केले, पहिले दोन वाजले, मग बंद. रात्री दोनला ते दोघं चार बॅगा घेऊन टॅक्सीने परत डोंबिवलीला मावशीकडे गेले आणि मी तिसऱ्या दिवशीची इकॉनॉमीची तिकिटं मिळेल त्या भावाला काढली.

नंतर मी या सगळ्या धंद्याचा खूप शोध घेतला, रात्र रात्र वाचत बसायचो, कारण मला समजून घ्यायचं होतं की आपण नक्की काय विकत घेतलं होतं.

गणित साधं आहे. दलाल खातेदाराला एका माईलला साधारण एक ते दीड सेंट देतो. समजा एका तिकिटाला ८५,००० माईल्स लागले, दोघांचे १,७०,०००, सव्वा सेंटाने धरलं तर खातेदाराला एकवीसशे डॉलर आणि वर थोडे. मी दिले चौतीसशे. मधले तेराशेच्या आसपास दलालाचे, त्यातून टॅक्स वगैरे भरायचा. त्याचं स्वतःचं काहीच लागलेलं नाही, खातं दुसऱ्याचं, प्रवासी दुसरे, आणि पकडलं गेलं तर भरायचं त्या दोघांनी.

हा धंदा नवा नाही. अमेरिकन एअरलाईन्सने १ मे १९८१ ला अ‍ॅडव्हान्टेज नावाची माईल्सची योजना काढली, काही दिवसांतच युनायटेडने स्वतःची काढली, आणि मग सगळ्यांनीच. त्या काळात बक्षीस म्हणून कागदी कुपन यायचं. लगेच कुपनांचे दलाल उभे राहिले, ते पेपरात जाहिराती द्यायचे, तुमची कुपनं आम्हाला विका. एअरलाईन्स कोर्टात गेल्या. टीडब्ल्यूए या तिथल्या जुन्या एअरलाईनचा अमेरिकन कूपन एक्स्चेंज नावाच्या दलालाविरुद्धचा खटला, त्याचा अपिलातला निकाल १९९० चा, आणि १९९२ मध्ये यूटामधल्या एका दलालाविरुद्ध अमेरिकन एअरलाईन्सच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे बघा, चाळीसेक वर्षं हे भांडण चालूय.

पण तेव्हाच्या आणि आताच्या विक्रीत एक मोठा फरक आहे, जो मला फार उशिरा लक्षात आला. तेव्हा माणूस कागद विकायचा. कुपन दिलं, पैसे घेतले, संपलं, त्या कागदाबरोबर दलाल तुमच्या घरात शिरत नव्हता. आता माईल्स कागदावर नाहीत, खात्यात आहेत, त्यामुळे विकायचे म्हणजे लॉगिन आणि पासवर्ड द्यायचा. आणि त्या खात्यात काय काय असतं! पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता, बायकोमुलांची नावं, साठवलेलं कार्ड, पुढच्या सगळ्या प्रवासाच्या तारखा म्हणजे घर कधी रिकामं असणार तेही. हे सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप नंबरच्या हवाली करायचं, ज्याचं खरं नावसुद्धा आपल्याला माहीत नसतं.

माझा एक कॉलेजातला मित्र डॅलसला असतो, त्याने विकले होते. त्याची नोकरी गेलेली, कन्सल्टिंगमध्ये दर सोमवारी उडून उडून जमवलेले अडीच लाख माईल्स होते, हप्ते थकत होते, त्याला तीन हजार डॉलर सांगितले. निम्मे आधी, निम्मे प्रवाशांचा प्रवास झाल्यावर. आधीचे मिळाले. मग दलालाने खात्याचा ईमेल आणि फोन बदलला, कारण काय तर बुकिंगचे निरोप आमच्याकडे यायला हवेत. त्यानंतर मित्राला स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. दोन लाख ठरलेले, त्याने सगळे अडीच वापरले. एअरलाईनकडे तक्रार करायची तर पासवर्ड याने स्वतः दिलेला, काय सांगणार? महिन्याभरात खातं बंद झाल्याचं पत्र आलं. त्याच खात्यातून त्याने स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला जायची चार तिकिटं आधीच काढून ठेवली होती, तीही गेली. तो लग्नाला एकटाच गेला. हे त्याने मला माझं झाल्यावर सांगितलं, आधी लाजेने कुणालाच बोलला नव्हता. आणि म्हणूनच हा धंदा चालतो असं मला वाटतं. विकणाराही बोलत नाही, घेणाराही बोलत नाही.

खातं बंद करणं कायद्यात बसतं का, तर बसतं. आपण वाचतच नाही, पण जवळपास प्रत्येक योजनेच्या नियमात लिहिलेलं असतं की माईल्स ही सभासदाची मालमत्ता नाही आणि विकले तर सगळे रद्द करता येतात. मिनेसोटातले एक रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गिन्सबर्ग, त्यांचं नॉर्थवेस्ट एअरलाईन्सच्या योजनेतलं सभासदत्व कंपनीने २००८ मध्ये काढून घेतलं होतं. त्यांनी माईल्स विकले वगैरे नव्हते, तुम्ही फार तक्रारी करता असं कंपनीचं म्हणणं होतं. ते थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०१४ मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने एअरलाईनच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी जर्मनीतल्या सर्वोच्च कोर्टाने लुफ्तान्झाच्या बाबतीत सांगितलं की माईल्सवर काढलेलं तिकीट विकायला बंदी घालणं कंपनीच्या अधिकारात आहे. ज्या रब्बायनी काही विकलं नव्हतं त्यांचीही ती गत, मग ज्याने नियम मोडून विकलंय त्याला कुठलं कोर्ट उभं करणार?

एक गोष्ट मात्र मला खरंच टोचते. जे माईल्स तुमची मालमत्ता नाहीत असं सांगतात, त्याच योजना तारण ठेवून कोविडमध्ये एअरलाईन्सने कर्जं काढली. युनायटेडने २०२० मध्ये ६.८ अब्ज डॉलर, अमेरिकनने २०२१ मध्ये १० अब्ज. कंपनीसाठी ते सोनं, आपल्यासाठी ते काहीच नाही. शिवाय एका तिकिटाला किती माईल्स लागणार तेही तेच ठरवतात. कुठल्या प्रवासाला किती माईल्स याचा तक्ता असायचा, तो डेल्टाने २०१५ मध्ये काढूनच टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. आपल्याकडे किंगफिशर २०१२ मध्ये थांबली तेव्हा लोकांचे किंग क्लबचे पॉइंट्स गेले. जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तिची योजना वेगळी कंपनी होती म्हणून इंटरमाईल्स नावाने टिकली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले ती विमानंच नव्हती. त्यामुळे विकणाऱ्याचा राग मला येत नाही. आपल्या घामाचं पडून सडतंय, रोज किंमत कमी होतेय, मग कुणीतरी रोख देतोय तर घ्यावेत, हे मला अगदी कळतं. आपण वाटीभर भात उरला तर फोडणी घालणारी माणसं. वाया जाताना बघवत नाही. दलाल नेमका तिथेच हात घालतो, "पडून आहेत ना, मग?" हेच त्याचं पहिलं वाक्य असतं.

फुकट द्यायला सहसा आडकाठी नसते बरं का. कितीतरी योजनांत आपल्या माईल्सवर कुणालाही तिकीट काढून देता येतं, आई, मावशी, मित्र, कुणीही. सिंगापूर एअरलाईन्सच्या क्रिसफ्लायरसारख्या ठिकाणी आधी माणसांची नावं नोंदवावी लागतात, पाचच. नियम मोडतो तो पैसे घेतल्यावर. आणि ते ओळखायला एअरलाईनला वेळ लागत नाही, वर्षानुवर्षं स्वतःसाठी सोमवारचं डॅलस-शिकागो काढणारं खातं अचानक नवीन ठिकाणाहून उघडतं, ईमेल बदलतो आणि चार दिवसांनंतरची महागडी तिकिटं वेगळ्याच आडनावाच्या लोकांसाठी निघतात. बँकेच्या कार्डावरचे पॉइंट्स विकणाऱ्यांचं तर कार्डही बंद होऊ शकतं.

यापुढचं लिहिताना मला अजून कसंतरी होतं. कारण मला हेही माहीत नाही की ते गृहस्थ विकणारे होते का. चोरलेले माईल्सही याच वाटेने विकले जातात. खात्यात शिरायचं, तिकिटं काढायची, ग्राहकाला सांगायचं की मालकाने विकलेत. २०१५ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या सभासदांच्या हजारो खात्यांत असेच कुणीतरी शिरले होते. २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केलं की ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेलीय, त्यात सभासद योजनेची माहितीही होती. घेणाऱ्याला दोन्हींतला फरक ओळखायची काही सोय नाही, त्याला फक्त पीएनआर दिसतो. म्हणजे कदाचित त्या रात्री माझे आईबाबा एका माणसाच्या चोरलेल्या पैशावर विमानात बसणार होते, आणि तो माणूस कदाचित माझ्यासारखाच कुणीतरी, जो आपल्या आईवडिलांना आणायला माईल्स साठवत होता.

चौतीसशे डॉलर परत आले नाहीत. बँकेने सांगितलं तुम्ही स्वतः पाठवलेत. ते पैसे मी सोडून दिले.

आईबाबा चौथ्या दिवशी नेवार्कला उतरले, व्हीलचेअरवर, बाबांचा पाय सुजलेला, सॉक्स काढल्यावर इलॅस्टिकचा वळ बोटभर खोल. गाडीत आई मागे झोपून गेली. मी टर्नपाइक हायवेवर आल्यावर माफी मागायला सुरुवात केली तर बाबांनी हात हलवला, ते राहू दे. बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले,

"त्या माणसाचं खातं बंद केलं असेल का रे त्यांनी?"

म्हटलं, "माहीत नाही बाबा. केलं असेल."

"मी ओळखत नाही म्हणालो म्हणून?"

म्हटलं, "नाही, ते आधीच तपासत होते. तुमच्यामुळे नाही."

"तरी पण एकदा विचारून घे. त्याला न सांगता कुणी काढले असतील तर त्याला कळायला पाहिजे. नाव आहे तुझ्याकडे."

नाव होतं. घरी पोचल्यावर बाबांच्या पायाखाली उशा लावल्या आणि एअरलाईनला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक बाई आल्या, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, एजंटचा नंबर, झेलची पावती, मेसेजचा स्क्रीनशॉट कुठे पाठवू ते विचारलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. त्या खातेदाराला कळवाल का विचारलं तर म्हणाल्या दुसऱ्या सभासदाबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. बाबा सोफ्यावरून बघत होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "सही जुळत नाही म्हणून सांगितलंस ना नीट?"

"सांगितलं," म्हटलं.

मग ते झोपले.